एवढं झालं की

१

आता मला जेवायला हाक मारली की मी पहिल्या हाकेला उठतो. हातात काहीही असो, तिथेच टाकतो आणि उठतो. कामावरचे हसतात. म्हणतात, याच्या पोटात वाघ बसलाय. हसू देत.

आमच्या घरी जेवायची हाक मारायची ती वहिनी, आणि मारायची ती दादाला. दादा वेताच्या खुर्च्या विणायचा. लोक बसून बसून फाटलेल्या खुर्च्या घेऊन यायचे. दादा जुनी जाळी कापून काढायचा आणि लाकडी चौकटीला जी भोकं असतात त्यांतून नवी पट्टी ओवून नवी जाळी विणायचा. त्याची खोली स्वयंपाकघराला लागून. मधलं दार कधी पूर्ण लागायचं नाही, कारण दारातही खुर्च्याच. त्यामुळे आत काय चाललंय ते न बघता कळायचं. ओली पट्टी भोकातून ओढली की सर्र. ती सैल पडू नये म्हणून भोकात लाकडाची खुंटी ठोकली की टक्. सर्र, टक्. सर्र, टक्. पाहुणे विचारायचे, घरात कसला आवाज येतो? आम्ही म्हणायचो, कसला आवाज?

"अहो, जेवायला चला," वहिनी हाक मारायची.

"आलोच. एवढं झालं की."

आणि मग आम्ही तिघं जेवून घ्यायचो. मी, वहिनी आणि दादाची मुलगी भिंगरी. तिचं खरं नाव दुसरंच आहे, पण ती चालायला लागली तेव्हापासून सरळ चाललेली कोणी पाहिलेली नाही, गरागरा फिरतच जाते. दादाचं ताट झाकलेलं असायचं. कधी तो यायचा, कधी ताट तसंच आत जायचं आणि तसंच बाहेर यायचं.

त्या दिवशीही वहिनीने हाक मारली. आतून आलं, "आलोच." आम्ही जेवलो. वहिनीने पुन्हा हाक मारली, "अहो, भात दगड झाला." आतून आलं, "आलोच. एवढं झालं की." भिंगरीने त्याची नक्कल केली आणि आम्ही तिघंही हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

दुपार उलटल्यावर मी ताट घेऊन आत गेलो. दादा त्याच्या बुटक्या स्टुलावर बसला होता, पुढे वाकलेला, कपाळ खुर्चीच्या चौकटीला टेकलेलं. मी म्हणालो, "दादा, डुलकी काढायचीच तर पलंगावर काढ की." खांद्याला हात लावला. खांदा लाकडासारखा.

कोपऱ्यावरचे डॉक्टर धावत आले. त्यांनी दादाचा हात उचलून बघितला, तो वाकत नव्हता. पट्टी बोटाभोवती गुंडाळलेली होती, ती कापून काढावी लागली. मग डॉक्टर उठले आणि म्हणाले, "सकाळीच गेलेत हे."

"शक्य नाही," मी म्हणालो. "आत्ता जेवणाच्या वेळेला बोलला आमच्याशी."

डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला. मी वहिनीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती दाराकडे बघत होती, जिथून तिने हाक मारली होती.

२

मी काही शिकलेला माणूस नाही. शाळा मला आवडली नाही आणि शाळेला मी. पण डोकं चालतं. मी डोक्याशी भांडलो. डॉक्टरला काय कळतं? पंख्याखाली माणूस लवकर गार पडत असेल. किंवा दादा बोललाच नसेल. रोज त्याच हाकेला तेच उत्तर ऐकून कान इतके सवयीचे झाले असतील की उत्तर आलं नाही तरी त्यांनी ते ऐकलं. एका माणसाच्या कानांचं असं होऊ शकतं. तिघांच्या?

आणि सर्र, टक्? ते तर आम्ही जेवताना चालू होतं. होतं का? आठवायला गेलं की चालू असायचं. म्हणून मी आठवायचं बंद केलं.

माणसं भेटायला येत होती. एक लांबचे काका आले, बाहेरच्या खोलीत दादाने विणलेल्या खुर्चीत ऐसपैस बसले आणि म्हणाले, "काम करता करता गेला. असं मरण नशिबात असावं लागतं."

"उठा," मी म्हणालो.

"अं?"

"त्या खुर्चीतून उठा. जमिनीवर बसा, नाहीतर घरी जा."

वहिनीने मला आत ओढलं. "भाऊजी, मोठे आहेत ते."

"मोठे असतील. पण तोंड लहान ठेवावं."

ती रागवली नाही. तिने ओट्याला दोन्ही हात टेकले आणि खाली मान घालून म्हणाली, "मला आयुष्यभर हेच ऐकवलं सगळ्यांनी. तुमचा नवरा काय कष्टाळू, तुमचा नवरा काय कष्टाळू. दारुडा असता तर निदान बाटली फोडता आली असती. खुर्च्यांचं मी काय करणार होते?"

भिंगरी दारात उभी होती. फिरत नव्हती. तिने विचारलं, "बाबा आलोच म्हणाले होते ना? मग कधी येणार?"



३

दादाचं हे आधी असं नव्हतं. म्हणजे असंच होतं, पण तेव्हा त्याला कारण होतं. आई-वडील गेले तेव्हा तो मिसरूड न फुटलेला पोरगा होता आणि मी त्याच्या कडेवर. तेव्हा हात थांबले असते तर चूल थांबली असती. पुढे चूल नीट पेटायला लागली, लग्न झालं, भिंगरी झाली, पण हातांना ते कोणी सांगितलंच नाही.

त्याची एक पद्धत होती. खुर्चीची शेवटची गाठ मारायच्या आधी तो पुढची खुर्ची जवळ ओढायचा, तिच्या मधल्या भोकात पहिली पट्टी घालायचा, वर खुंटी ठोकायचा, आणि मगच हातातल्या खुर्चीची गाठ मारायचा. म्हणजे काम संपलं असा क्षण कधी यायचाच नाही. मलाही त्याने तसंच शिकवलं. मला तो पट्ट्या भिजवायला आणि खुंट्या ठोकायला द्यायचा. विणायला दिलं की माझी धांदल उडायची, उभे-आडवे धागे कसेबसे जमायचे, तिरपे कधीच नाही. "तू तुफान आहेस," तो म्हणायचा. तेच नाव पडलं. "तुफानाने विणायचं नसतं. खुंटी ठोक."

एकदा मी विचारलं, "एक संपल्यावर जरा बसलास, मग दुसरं घेतलंस, तर काय होईल?"

तो हसला नाही. म्हणाला, "हात थांबले की आत गोंगाट सुरू होतो रे."

"कसला?"

"खुंटी ठोक."

छातीत कळ आली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, विश्रांती. दादा हो म्हणाला. वहिनीने त्याचा भोकं साफ करायचा टोच्या लपवला, तर हा नखाने भोकं साफ करायला लागला. तिने पट्ट्यांचे भारे शेजारी नेऊन ठेवले, तर हा भिंतीवरून शेजाऱ्याशी गप्पा मारता मारता भारे परत. शेवटी तिने आम्हा सगळ्यांना समुद्राजवळच्या एका लॉजवर नेलं. पहिल्या दिवशी दादा वाळूत बसला. सगळे खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर गॅलरीत लॉजच्या खुर्चीची जाळी कापून हा बसलेला. मॅनेजर भांडायला आला आणि बघतच राहिला. म्हणाला, "अहो, खाली अशा आणखी बऱ्याच आहेत." संपली सुट्टी. वहिनी आणि भिंगरी समुद्र बघत बसल्या आणि मी खुंट्या ठोकत.

येताना गाडीत वहिनी माझ्या कानाशी म्हणाली, "मला ती जाळी दिसते झोपेत. आणि ते तिच्या पलीकडे असतात."

४

दादा गेल्यावर मी त्या खोलीचं दार ओढून घेतलं. लागलं नाही, पण ओढून घेतलं.

दातांचे डॉक्टर आले तेव्हाच ते पुन्हा उघडलं. हे दादाचं शेवटचं गिऱ्हाईक. त्यांच्या दवाखान्यात बाहेर ताटकळणाऱ्यांसाठी वेताच्या खुर्च्या होत्या, त्या सगळ्या दादाने नव्या करून दिल्या होत्या, एक राहिली होती. माणूस बोलका. समोरच्याचं तोंड कायम उघडं आणि बोलायची सोय नाही, म्हणून त्यांना एकट्याने बोलायची सवय लागलेली.

"खुर्चीची घाई नाही हं," ते म्हणाले. "पेशंट उभे राहतात, राहू देत. दात दुखत असला की माणूस बसतो कुठे? मी आपला भेटायला आलो. बघू का पण, कुठवर आली होती ती?"

मी त्यांना आत नेलं. खिडकीतून दुपारचं ऊन थेट स्टुलावर पडलं होतं. खुर्ची तशीच होती, चौकट वर करून ठेवलेली.

"वा," ते म्हणाले. "निम्म्याच्या वर झालीय की."

 दादाला उचललं तेव्हा फक्त उभे धागे झाले होते. मी पाहिलं होतं. उभे धागे, आणि त्यांना टेकलेलं त्याचं कपाळ. आता आडवेही झाले होते. पार या टोकापासून त्या टोकापर्यंत.

दातांच्या डॉक्टरांनी जाळीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. "ओली आहे अजून."

"हवा दमट आहे," मी म्हणालो.

"तुम्ही करताय का पुढे? छान. भावाचं काम भावाने पुरं केलं म्हणजे..." ते बोलतच राहिले. मी टबाकडे बघत होतो. वेताची पट्टी कोरडी असली की मोडते, म्हणून विणायच्या आधी ती पाण्यात भिजवायची. टबातलं पाणी मी स्वतः ओतून टब पालथा घातला होता. आता तो सरळ होता. त्यात पाणी होतं, आणि पाण्यात पट्टीचं भेंडोळं, वर हलकेच फिरत, आत्ताच कोणी सोडल्यासारखं.

ते गेल्यावर मी भिंगरीला विचारलं. वहिनीला विचारलं. वहिनी म्हणाली, "मी त्या खोलीत पाय ठेवणार नाही, तुम्हाला माहीत आहे."

म्हणजे मीच. मीच केलं असणार आणि मला आठवत नसणार. माणूस दुःखात काहीबाही करतो, शेजारीण म्हणाली होती की तिने नवरा गेल्यावर महिनाभर दोघांचा चहा टाकला. मला जरा बरं वाटलं. मी खुर्ची खिडकीपाशी नेली आणि नीट बघितली.

दादाची एक खूण होती. पट्टी भोकात घातली की तो तिला अंगठ्याच्या नखाने दाबायचा, त्यामुळे प्रत्येक भोकापाशी बारीक चंद्रकोर उमटायची. बाकी कोणाला दिसायची नाही, मला दिसायची. उभ्या धाग्यांपाशी त्या चंद्रकोरी होत्या. आडव्या, नव्या धाग्यांपाशीही होत्या. एकूण एक भोकापाशी.

मी माझे अंगठे बघितले. मी लहानपणापासून नखं खातो. दाबायला माझ्याकडे नख नाही.

५

मी पटकन चिडतो आणि चिडलो की हात आधी चालतो. मी खुर्ची उचलली, मागच्या दारातून बाहेर नेली आणि कचऱ्याच्या पेटीशेजारी आपटली. परत येऊन टब पालथा केला. पाणी सगळ्या खोलीत पसरलं. मग मी वाकून बसलो आणि रडलो, कारण दादा गेल्यापासून मी फक्त ओरडलो होतो.

रडणं झाल्यावर बाहेर गेलो. मला वाटलं, दादाचं शेवटचं काम आहे ते, कचऱ्यात कसं टाकलं मी? खुर्ची परत आणली. चौकटीला लागलेली माती पुसली. पुसण्यासाठी तिच्यासमोर बसावं लागलं, आणि बसण्यासारखं तिथे ते बुटकं स्टूलच होतं.

एक पट्टी सैल दिसत होती. एवढी नीट करून उठू, असं मनात आलं. एवढंच मनात आलं.

खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. आत जे सारखं ओरडत होतं, दादा सकाळी गेला आणि आम्ही दुपारी हसलो, सकाळी गेला आणि आम्ही दुपारी हसलो, ते थांबलं. रेडिओ बंद करावा तसं. पट्टी, भोक, सर्र. खुंटी, टक्. मला पहिल्यांदा कळलं दादाला काय ऐकू येत होतं, आणि काय ऐकायचं नव्हतं.

"भाऊजी, जेवायला चला."

"आलोच."

स्वयंपाकघरात काहीतरी खळकन फुटलं.

मी मान वर केली. खिडकीतलं ऊन गेलं होतं. भिंतीवर संध्याकाळचा तांबूस उजेड होता. वहिनी दारात उभी होती, उंबऱ्याच्या बाहेर, पायाशी बशीचे तुकडे.

"कितव्यांदा हाक मारतेय," ती म्हणाली.  "आणि प्रत्येक वेळी तुम्ही आलोच म्हणताय."

"एकदाच मारलीस."

ती नुसती मान हलवत राहिली. मग तिने बोट केलं. मी खाली बघितलं. तिरपे धागे झाले होते. एका बाजूचे सगळे. मला कधी न जमलेले तिरपे धागे, एकही चुकला नव्हता. आणि माझी बोटं पट्टीच्या धारेने कापून जागोजागी लाल झाली होती, आणि ती मला दुखली नव्हती.

६

वहिनीने ठरवलं. तिची बहीण लांब राहत होती, वरच्या मजल्यावर, भोवती ना कारागीर ना कारखाना. ती म्हणाली, "आम्ही जातोय. परत यायचं नाही. तुम्ही येणार आहात की नाही?"

"येणार की."

"आलोच म्हणू नका. येतो म्हणा."

"येतो."

मी मनापासून म्हणालो. कपडे पिशवीत भरले. भिंगरीने तिची बाहुली माझ्या पिशवीत कोंबली, म्हणजे मी मागे राहिलो तर बाहुलीही मागे राहील आणि मग ती आम्हा दोघांना न्यायला परत येईल, असा तिचा हिशोब. पोरीला डोकं आहे.

पण जायच्या दिवशी सकाळी मला सुचलं. सुचलं की मला दम निघत नाही. मी वहिनीला म्हणालो, "फक्त दुसऱ्या बाजूचे तिरपे आणि काठ राहिलाय. मी पुरी करतो. आणि पुढची घेत नाही. कळलं का? दादाने कधी पुढची घेतल्याशिवाय मागची सोडली नाही, म्हणून तो अडकलाय. मी एक खुर्ची संपवतो आणि उठतो. म्हणजे त्याचं संपेल. तो सुटेल."

वहिनीने हातातली पिशवी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "भाऊजी, पुरी करू नका. तशीच सोडून या."

"अर्धवट?"

"अर्धवट. त्यांना तेवढंच एक कधी जमलं नाही. तुम्ही तेवढं करा."

"रिक्षा यायला वेळ आहे," मी म्हणालो. "थोडंच तर आहे."

तिने डोळे मिटून घेतले. त्या क्षणी तिने माझी कॉलर धरून मला बाहेर ओढायला हवं होतं. पण बारा वर्षं ती एका माणसाला ओढत आली होती, तिच्या हातात आता जोर कुठून असणार?

७

मी मनाशी ठरवूनच बसलो. दार सताड उघडं ठेवलं, दारातल्या खुर्च्या बाहेर काढल्या. स्वयंपाकघरातून भिंगरीचं गाणं ऐकू येत होतं. डोक्यात घोकत होतो, पुढची घ्यायची नाही, पुढची घ्यायची नाही.

तिरपे झाले. काठ सुरू केला. काठाला एक जाड पट्टी चौकटीवर ठेवायची आणि बारीक पट्टीने ती प्रत्येक भोकापाशी बांधत जायची. बारीक पट्टी वरून भोकात घालायची, खालून दुसऱ्या हाताने ओढून घ्यायची, पुढच्या भोकातून वर. एक हात वर, एक हात खाली. दादा खाली न बघता करायचा.

सर्र. टक्. सर्र.

काम सुरेख चाललं होतं. इतकं की पट्टी मी भोकात घालायचा अवकाश, ती खाली ओढली जायची, घट्ट, जितकी हवी तितकी. मी घालत होतो, ती जात होती. मग पुढच्या भोकातून टोक वर यायचं आणि मी ते धरायचो.

माझे दोन्ही हात वर होते.

मी ते बघितलं. एका हाताने जाड पट्टी दाबून धरली होती. दुसऱ्या हातात बारीक पट्टीचा उरलेला भाग. आणि पट्टी खाली जात होती. सर्र.

मी ओरडायला हवं होतं. पण मला आधी वाटलं की पट्टी जड आहे, ओली आहे, आपल्या वजनाने सरकत असेल. डोकं असंच असतं, शेवटपर्यंत कारणं देत राहतं. पुढच्या भोकातून टोक वर आलं. ते थोडं थांबलं, मी धरीन म्हणून. मी धरलं नाही तेव्हा ते हललं. दादा असंच करायचा. मी खुंटी द्यायला उशीर केला की हात पुढे करून बोटं हलवायचा.

मी वाकलो. चौकटीच्या खाली बघितलं.

फार नाही बघितलं. चार बोटं, चौकटीच्या आतल्या बाजूने वर वळलेली. अंगठ्याचं नख वाढलेलं. आणि एका बोटावर वेताच्या पट्टीचं वेटोळं, जे डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांदेखत कापून काढलं होतं. त्याच्या पलीकडे अंधार होता, खुर्चीखाली असतो त्याहून जास्त.

"काका!" भिंगरीची हाक. "रिक्षा आली!"

मी ताठ बसलो. शेवटचं भोक राहिलं होतं. मी टोक धरलं, घातलं, ओढलं, खालूनही ओढलं गेलं, आणि मी गाठ मारली. मी म्हणालो, "दादा, झालं. संपलं. आता जा." माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी दोन्ही हातांनी ती जाळी थोपटली, पाठ थोपटावी तशी.

खाली काही हललं नाही. खोली शांत झाली. मी त्या खोलीत जन्मात कधी शांतता ऐकली नव्हती. मला वाटलं, सुटला. मी उठलो, आणि तोंडात काहीतरी आहे म्हणून थुंकलो. लाकडाचा भुस्सा. दादाला खुंट्या दातात धरायची सवय होती. मला नव्हती.

मग मला माझ्या गुडघ्याशी ओढलेली दुसरी खुर्ची दिसली. कोणाची तरी जुनी, फाटकी जाळी कापून काढलेली. मधल्या भोकात ओली पट्टी घातलेली होती, आणि वर खुंटी ठोकलेली.

मी कधी ठोकली? शेवटच्या गाठीच्या आधी. अगदी आधी. हाताला तशीच सवय लावली होती दादाने.

८

मी पळालो. पिशवीसुद्धा भिंगरीनेच ओढत आणली होती. मी रिक्षात जाऊन बसलो, वहिनीने घराला कुलूप घातलं, किल्ली पिशवीत टाकली आणि माझ्या शेजारी बसली. तिने माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा, किती दिवसांनी, तिच्या तोंडावर जरासं हसू आलं. मी आलो होतो. हाकेला आलो होतो.

"झालं ना?" तिने विचारलं.

मी मान हलवली. हो की नाही ते मलाही कळलं नाही.

"सगळे बसले का?" रिक्षावाला म्हणाला. "मागं कोणी राहिलं नाही ना? नाहीतर अर्ध्या वाटेत म्हणाल, आजीला विसरलो."

भिंगरी हसली. ती माझ्या मांडीवर बसली होती. लहान पोर ते, तिला काय कळतंय, ती रिक्षातून अर्धी बाहेर वाकली आणि बंद घराकडे तोंड करून तिने हाक मारली, "चला, आम्ही निघालो!"

आतून उत्तर आलं.

"आलोच. एवढं झालं की."

रिक्षावाल्याने मान वळवली. "आहे की कोणीतरी."

तो दादाचा आवाज नव्हता. दादाचा असता तर मी कुलूप तोडून आत गेलो असतो. तो माझा आवाज होता. शांत, समाधानी, काहीच दुखत नसलेला माझा आवाज. मागोमाग खोलीतून बारीक ऐकू आलं, सर्र. मग टक्.

वहिनीने माझ्या ओठांकडे बघितलं. ते घट्ट मिटलेले होते. भिंगरी माझ्याकडे वळून बघत होती, घराकडे नाही, माझ्याकडे, आणि माझ्या मांडीवरून हळूहळू तिच्या आईकडे सरकत होती.

"आत कोणी नाही," वहिनी रिक्षावाल्याला म्हणाली. "चला तुम्ही."

"अहो, पण आवाज..."

"चला म्हटलं ना!"

रिक्षा निघाली. वहिनीने भिंगरीला एका हाताने पोटाशी धरलं आणि दुसऱ्या हाताने माझा हात पकडला, जसा तिला दादाचा कधी पकडता आला नव्हता. माझा हात ओला होता. तिला ते कळलं, तरी तिने सोडला नाही. उलट आणखी घट्ट धरला, तिची नखं रुतेपर्यंत.

तिच्या मुठीत माझी बोटं चालतच होती.